कळीचा चुना

११ मार्च, आळंद

नाकात चुना, दातांत चुना. डब्यातली भेंडीसुद्धा आज चुन्याचीच लागली. रूमवर येऊन बूट काढले तर तळाला काळ्या मातीचा हा जाड थर. सुरीनं तासला. बुटासोबत मोजाही बादलीत गेला. बादलीतलं पाणी काळं, मग राखाडी, मग पुन्हा काळं.

निंबर्ग्याच्या पुढचा तुकडा सुरू झाला. जुना रस्ता म्हणजे नुसत्या लाटा. पावसात खालची माती फुगते, उन्हात भेगाळते, वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली. बसवाला रस्ता सोडून कडेच्या रानातून गाडी काढतो. रानवाल्यानं तिथं बाभळीचे काटे टाकलेत. त्याचं तरी काय चुकलं.

ह्याच मातीत चुना नीट मिसळला, पाणी मारून मुरू दिला, मग रोलर फिरवला की ती फुगायची थांबते. अवघड काही नाही. फक्त नीट मिसळायचा. ते बघायला मला ठेवलंय. सल्लागार कंपनीची मटेरियल इंजिनिअर. कंत्राटदाराची माणसं मला बघून सिगरेट लपवत नाहीत, काम लपवतात.

१३ मार्च

आज बरं वाटलं, म्हणून लिहून ठेवते. असे दिवस कमी.

बायका जेवायला बसल्या होत्या. मी मातीचे दोन लाडू केले. एक नुसत्या मातीचा, एक परवा माझ्याकडचा ताजा चुना मुरवून ठेवलेल्या मातीचा. दोन्ही पाण्याच्या घमेल्यात सोडले. नुसता लाडू बघता बघता फुटला, पसरला, आंबिलीसारखं झालं. दुसरा तसाच. चंद्रकलाअक्कानं बोटानं दाबून बघितला. ही चुना पसरायच्या टोळीतली, शेजारच्याच गावची, तोंडाची फटकळ.

"आगं, ह्यो तर दगूड झालाय की."

"दगड नाही अक्का, मातीच. फुगायची थांबली."

"मग आमच्या मालकाला बी पाज की वाईच."

सगळ्या हसल्या. तिची जाऊ सुशीला तर पदर तोंडात धरून हसत होती. मीही.

१५ मार्च

चुन्याच्या गोण्या उघड्यावर पडून आहेत, कधीपासून कोण जाणे. दव खाऊन खाऊन गठ्ठे झालेत. एक फोडली, आत खडू. चुना हवा खातो आणि मरतो. मेलेला चुना मातीत घातला काय, पीठ घातलं काय.

बिराजदार कंत्राटदाराचा साइट मॅनेजर. आजपासून नुसतं बि., पूर्ण नाव लिहायला हात होत नाही. बोलताना गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात नेतो, आणि थुंकायला त्याला माझ्या टेस्टसाठी आखलेली जागाच सापडते.

"चुना त्यो चुनाच की म्याडम. पांढरा हाय का न्हाई?"

"पांढरा आहे. मेलाय."

"तुमी बी काय. चुना काय माणूस हाय का मरायला."

आणि चुना लावायचा विनोद. रोज. कोणी ना कोणी.

१८ मार्च

मिसळायचं मशीन गेलं. अफजलपूरकडं कंत्राटदाराचं दुसरं काम आहे, उसाच्या गाड्यांचा रस्ता, तिथं साहेब लोक येणार म्हणून. इथं काय, ट्रॅक्टर आणि बायका. बायका घमेल्यानं चुना फेकत जातात, मागून ट्रॅक्टर वरवर ओरबाडत जातो. पदर नाकावर, डोळे उघडे. भुवया पांढऱ्या. संध्याकाळी एकेक जण आपल्याच म्हातारपणासारखी दिसते.

बि.ला म्हटलं, चष्मे द्या, हातमोजे द्या.

"दिलते गेल्या साली. घालत न्हाईत. गरमतंय म्हणत्यात."

चंद्रकलाअक्काला विचारलं. ती म्हणाली, "कवा दिलते? मी तर ह्या साली आलेय. आन् गेल्या साली आलेल्या बी हितंच हायत, त्यांस्नी विचारा." विचारलं. एकीनं चष्मा पाहिला नव्हता.

२० मार्च

झालेल्या तुकड्यात खड्डा घेतला. बाजूच्या भिंतीवर औषध शिंपडलं. ह्या औषधाचं एक बरं असतं, जिथं जिवंत चुना आहे तिथं माती गुलाबी होते, नाही तिथं काळीच राहते. वर दोन बोटं फिकट गुलाबी. खाली काळी, काळी, काळी. दुसरा खड्डा घेतला, तसाच. तिसऱ्यात वरही गुलाबी नाही.

बि. वाकून बघत होता. "झालं की गुलाबी."

"खाली बघा."

"खाली कोण जायलंय म्याडम? गाड्या वरनंच जात्यात."

सोनटक्केसाहेबांना फोन केला. माझे साहेब, कलबुर्गीच्या ऑफिसात बसतात, एसीत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रेखा, तू इतकं खोल खणतेस कशाला?"

मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत.

मेल टाकला. चुना मेलेला आहे, नवा आणा, तोवर पुढचा तुकडा मंजूर नाही. बांधकाम खात्यालाही प्रत. मजा वाटली.

२३ मार्च, रविवार, कोहिनूर

गावी, घरी. सकाळी विहारात वंदना, नंतर जयंतीची मीटिंग. मिरवणुकीत डीजे लावायचा का नाही ह्यावर दीड तास. बाबा डीजेच्या विरोधात एकटेच. मी त्यांच्या बाजूनं बोलले तर पोरं म्हणाली, ताई तू तर इथं नसतेसच.

आई डोक्याला तेल लावत होती. बोटं थांबली.

"केस कामून असे झाल्यात गं? दोरखंडावानी."

"चुना."

"नोकरी सोडू नकोस. पर जरा बाजूला हुबं ऱ्हात जा."

परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. बाजूला उभं राहणं म्हणजे नेमकं कुठं.

२५ मार्च

मेलचा परिणाम झाला. नवा चुना आला. लॉरीभर, पोती कोरडी, वर हात ठेवला तर कोमट. कळीचा चुना, दळलेला, विरवलेला नाही, म्हणजे अजून पाणी न लागलेला. चिमूटभर पाण्यात टाकला, सूं करून उसळला. एकदम जिवंत.

बि. म्हणाला, "घ्या. जिवंत पायजे व्हता ना."

मी खूश झाले. हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय, पण झाले. ह्या चुन्यानं माती नक्की बसणार हेच डोक्यात. हा चुना हातानं फेकायचा नसतो हे मला माहीत आहे. पुस्तकात आहे, पोत्यावर लिहिलेलं आहे, मी परीक्षेत लिहिलेलं आहे. बि.ला म्हटलं, मशीन येईपर्यंत पोती फोडू नका. व्हय म्हणाला. व्हय म्हणाला म्हणून मी लांबच्या टोकाला लेव्हल बघायला गेले.

२६ मार्च

काल लिहिता आलं नाही सगळं. आज लिहिते.

मी टोकाला असतानाच बि.नं पोती फोडायला लावली. वारा सुटला होता. तिकडून पांढरा लोट उठलेला दिसला, मग बायकांचा कालवा. पळत गेले तर चंद्रकलाअक्का उकिडवी बसलेली, दोन्ही तळहात डोळ्यांवर, तोंडातून आवाज नाही. सुशीला पदरानं तिचे डोळे पुसायला बघत होती. कोणी म्हणे तेल घाला, कोणी म्हणे दूध आणा.

मी म्हटलं पाणी. टँकर कुठाय.

बि. मध्ये आला. "पाणी नगा घालू म्याडम. चुन्याला पाणी लागलं की उकळतंय. डोळा उकडून निघंल."

तो खोटं बोलत नव्हता. घाबरला होता. बायकाही तेच म्हणायला लागल्या, पाणी नगं, पाणी नगं. आणि मी, जिनं थोड्याच वेळापूर्वी चिमूट पाण्यात टाकून उसळताना बघितलं, मीसुद्धा क्षणभर थांबले. मग आठवलं, थोडं पाणी वाईट, भरपूर पाणी बरं. भरपूर.

टँकरवाले मेहबूबभाई रोज्याचे, सकाळपासून घशात थेंब नाही. त्यांनी न विचारता पाइप ओढून आणला. अक्काला आडवं केलं. सुशीलानं डोकं धरलं. मी बोटांनी पापण्या फाकवल्या. तेव्हा ती ओरडली. पापणीच्या आत पिठाचे गोळे चिकटलेले, रुमालाच्या टोकानं काढले. पाणी सोडत राहिलो. ती लाथा झाडत होती, मला शिव्या देत होती, कन्नडमध्ये, मराठीत. टँकर रिकामा होईपर्यंत सोडलं. आमच्या खाली सगळा चिखल झाला, पांढरा-काळा, आणि आम्ही तिघी त्यात.

मेहबूबभाईंनी स्वतःच्या ओळखीनं जीप थांबवली. कंपनीची गाडी उभी होती, सकाळीच डिझेल भरलेली. बि. म्हणाला डिझेल नाही.

कलबुर्गीला डॉक्टरांनी डावा बघितला, मान हलवली, ठीक होईल. उजवा बराच वेळ बघितला. बुबुळ दुधासारखं झालंय. "पाणी घातलं हे फार बरं केलं," म्हणाले, "पण उजव्याचं आत्ता काही सांगत नाही."

माझ्या बोटांना भाजलंय. टोकं सोलली. पेन धरताना कळतंय.

२७ मार्च

सोनटक्केसाहेब हॉस्पिटलात आले नाहीत. ऑफिस तिथून चालत जायच्या अंतरावर. मी गेले. चहा मागवला त्यांनी.

"वाईट झालं. पण हे बघ, आपला विषय मातीचा. माणसांचा विषय कंत्राटदाराचा. त्यात आपण पडायचं नाही."

चहा तसाच ठेवून उठले. कपाच्या कडेला कुणाच्या तरी ओठांचा डाग होता. तोच डोळ्यांसमोर राहिलाय, कशाला कोण जाणे.

हॉस्पिटलनं कामावरचा अपघात म्हणून कामगार खात्याला कळवलंय. चौकशी होईल म्हणाले.

२८ मार्च

बि. आता सगळ्यांना सांगत फिरतोय, "ती आपली बाईच न्हाई. टँकरवर पाणी प्यायला आलती, वाऱ्यानं गेलं डोळ्यात."

मी समोर उभी असताना म्हणाला. माझ्याकडं बघत. मग थुंकला.

मी म्हटलं, "ती गेला महिनाभर तुमच्यासमोर घमेलं उचलतेय."

"तुमच्या समोर बी उचलायली की म्याडम. तुमी कवा थांबवलाव?"

चष्मे मागितले होते. मागितले होते, एवढंच.

टोळीतल्या निम्म्या बायका आल्याच नाहीत. बाकीच्या आल्या. डोळ्यांवर ओढण्या गुंडाळून, पातळ कापडातून बघत, ठेचकाळत. काम चालू.

२९ मार्च

हॉस्पिटल. अक्काच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी. माझा आवाज ऐकून म्हणाली, "आलीस का गं, पाणीवाली."

म्हटलं, शिव्या फार दिल्या तुम्ही मला.

"आजून देते की. लई दुखायलंय." मग, "त्यो चुना तू मागवलास म्हनं. सुशीला म्हणायली."

"व्हय."

"चांगला व्हता?"

"चांगला होता."

"मग बरं." चेष्टा होती का काय, पट्टीमुळं कळलं नाही.

बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीतून पानाचा वास येत होता. पान, सुपारी, चुना. उतरून मागच्या बसनं आले.

३ एप्रिल

पाडवा, ईद सगळं हॉस्पिटलच्या येरझारीत गेलं. मेहबूबभाईंनी डबा भरून शिरखुर्मा आणून दिला, अक्कासाठी एक, मला एक.

आज साइटवर वेगळीच घाई. खराब तुकड्यावर खडी टाकायला टिपर उभे. खडी पडली की खाली काय आहे कुणी बघणार नाही. उद्या बांधकाम खात्याचे मोठे साहेब येणार. मी टिपरच्या मागं जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम सरका. नाही सरकले. बि. आला, फोन लावला, फोन माझ्या कानाला लावला. सोनटक्केसाहेब.

"रेखा, तमाशा करू नकोस."

"उद्या त्यांनी बघितल्यावर टाका खडी."

"तुला कळतंय का, तू कुणाच्या विरोधात…"

फोन बि.ला परत दिला. फोनला गुटख्याचा वास. कान तीनदा धुतला. दिवसभर तिथंच बसले, खुर्ची टाकून, छत्री घेऊन. एकटी. मूर्खासारखी दिसत असणार. टिपर संध्याकाळी भरलेलेच परत गेले.

४ एप्रिल

मोठे साहेब आले. पांढरे बूट. नारळपाणी, काजू, रस्त्याच्या मधोमध शामियाना. बि.नं खड्डा आधीच खणून ठेवलेला, एकाच ठिकाणी, तिथली माती हातानं चुना मळून भरलेली. औषध शिंपडलं, जास्वंदीसारखा गुलाबी. साहेब खूश. फोटो. सोनटक्केसाहेब फोटोत, बि. फोटोत.

मी कन्नडमध्ये म्हटलं, सर, अजून एक खड्डा बघा.

साहेबांनी घड्याळ बघितलं. सोनटक्केसाहेब हसून म्हणाले, आमच्या मॅडम फार उत्साही आहेत.

कुदळ मीच उचलली. कुणी दिलीच नसती. त्यांच्यापासून पंधरा पावलांवर, जिथं पाय पडला तिथं. बोटं सोललेली, दांडा धरवेना. कुणी मदतीला आलं नाही, कुणी थांबवलंही नाही, सगळे काजू खात बघत होते. ती शांतता किळसवाणी होती, पण तीच माझ्या कामाची. माती ढेकळं-ढेकळं निघाली. औषध ओतलं, शिंपडलं नाही, ओतलं.

काळी. वरपासून खालपर्यंत.

साहेब आले, वाकले. पांढऱ्या बुटाला चिखल लागला, तो त्यांनी गवतावर पुसला, जात नव्हता. मग दुसरीकडं खणायला सांगितलं. तिथंही काळी. मग बि.कडं न बघता म्हणाले, "सगळं काढा. परत करा." आणि गाडीत बसले.

जिंकले म्हणायचं. रूमवर येऊन बूट न काढताच आडवी झाले. उन्हानं असेल.

५ एप्रिल

मिसळायचं मशीन सकाळीच हजर. बंद केबिनचं, पाणी मारत जाणारं, धूळ न उडवणारं. चष्म्यांचा खोका, हातमोजे, सगळं. एका रात्रीत. अफजलपूरहून यायला एवढाच वेळ लागतो तर.

मातीसाठी आलं. बाईच्या डोळ्यासाठी आलं नसतं.

८ एप्रिल

अक्काची पट्टी निघाली. डाव्यानं दिसतंय. उजव्यानं उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन केलं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित वर जोर देऊन.

कामगार खात्याचा माणूस उद्या चौकशीला साइटवर येणार. मला बोलावलंय. टोळीतल्या एकाही बाईला नाही. मी सगळं सांगणार. कधी पोती फोडली, कुणी फोडायला सांगितली, चष्मे नव्हते, गाडीत डिझेल होतं. मनात पाठ केलंय. आईला फोन केला. ह्या वेळेला बाजूला उभी राहा म्हणाली नाही. जेव म्हणाली.

८ एप्रिल, परत

जेवून ताट धुवत होते तर दार वाजलं. चंद्रकलाअक्का आणि सुशीला. अक्काला काळा चष्मा. आत बसल्या. पाणी दिलं. ग्लास धरताना तिचा हात जरा चुकला, मग सापडला.

म्हणाली, "उद्या तू काय सांगणार हाईस?"

"जे झालं ते."

"नगं सांगू."

मला वाटलं घाबरलीय. म्हटलं, अक्का, घाबरायचं काही नाही, मी आहे.

"भेत न्हाई मी." चष्मा काढला. उजवा डोळा पहिल्यांदा उघडा बघितला. नजर वळवायची नाही असं ठरवून बघत राहिले. "बिराजदार घरी आलता. हैदराबादचं ऑपरेशन करून देतो म्हणतोय. मालकाला क्यांपावर राखणीला ठेवतो म्हणतोय. निस्तं म्हण म्हणतोय, मी पाणी प्यायला गेलते. आन् तू बी तसंच म्हणायचं."

"तो करणार नाही अक्का. चौकशी मिटली की तोंडसुद्धा दाखवणार नाही."

"न्हाई दाखवणार. ठाऊक हाय मला. चार दिस कामाला हाय त्याच्याकडं, वळखते की." चष्मा पुसला पदरानं, परत घातला. "पर तू खरं बोललीस तर कोण देतंय ऑपरेशन? तू देतीस?"

कायद्यानं भरपाई मिळते, म्हटलं. केस करू. मी येईन प्रत्येक तारखेला.

"किती वरसं?"

तिच्या ग्लासात परत पाणी ओतलं.

सुशीला एकदम म्हणाली, "अक्के, आन् उद्या माझ्या डोळ्यात गेलं तर? मी बी पाणीच प्यायला गेलते म्हणायचं व्हय?"

चंद्रकलाअक्का तिच्याकडं वळली. दिसतं त्या बाजूनं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, मी मध्ये बसलेली, माझ्याच खोलीत परकी. अक्का हळू आवाजात म्हणाली, "तुझे दोनी डोळे हायत. म्हणून बोलायलीस."

मग उठल्या. रिक्षा बघून दिली. रिक्षात बसताना अक्कानं माझा हात धरला, सोललेली बोटं चाचपली. "आजून भरली न्हाईत व्हय," म्हणाली. उत्तर मागितलं नाही.

९ एप्रिल, सकाळ

बूट घालून बसलेय. जीप खाली हॉर्न देतेय. बि. पाठवतोय गाडी, आज डिझेल आहे.

बि.ची शिसारी, सोनटक्क्यांची शिसारी, हे सोपं होतं. आज त्याचा काही उपयोग नाही. सुशीला म्हणते ते खरं. अक्का म्हणते तेही, आणि डोळा तिचा आहे. दोघींनाही तोंड दाखवायचंय मला, दुपारपासूनच.

चौकशीवाला विचारेल, ती बाई कामावर होती का.

परत हॉर्न. जाते.